मोजणीदार जेवल्यामुळे

शेकडापंधरे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथंच राहिलं. जळगावच्या कचेरीत शिपायापासून वरपर्यंत सगळे त्यांना तोंडावर नाना म्हणत आणि पाठीमागे शेकडापंधरे. मीही तेच करायचो. फरक एवढाच, की माझा आवाज मोठा, त्यामुळे माझं पाठीमागचं बोलणंही त्यांना बहुधा ऐकू जायचं. ते वळून बघायचे नाहीत. नुसती टोपी सारखी करायचे.

गोष्ट इंग्रजांच्या अमलातली, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. सरकार रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, तलावासाठी कुणाची जमीन घ्यायचं, तेव्हा कायद्यानं तिचा बाजारभाव द्यावा लागे, आणि मालकाच्या मर्जीविरुद्ध घेतली म्हणून त्या भावावर शेकडा पंधरा जादा. नाना या कामाचे कारकून आणि मी मोजणीदार. मी शेतात साखळी टाकून जमीन मोजायची, नानांनी चावडीवर बसून मालकांचे जबाब लिहायचे, आणि प्रांतसाहेबांनी निवाडा करायचा. सात वर्षं आम्ही असे जोडीनं हिंडलो. सात वर्षांत या माणसानं मला जेवढा संताप आणला तेवढा माझ्या सासऱ्यानंही आणला नसेल.

त्यांच्या घरातही हाच कायदा चालायचा. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. एकदा काकूंना मांडणी ठेवायला जागा हवी होती आणि तिथं नेमकी नानांची जुनी पत्र्याची पेटी होती. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो. नानांनी आतून विचारलं, "सार्वजनिक उपयोग कोणता?"

"घरातल्या चौघांच्या ताटवाट्या," काकू म्हणाल्या.

"मग नोटीस कुठाय?"

काकू काही कमी नव्हत्या. त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर लिहिलं, 'पेटी उद्या हलेल.' नाना ते वाचत बराच वेळ उभे राहिले. बाहेर येऊन मला म्हणाले, "मुदत फार थोडी दिलीय. पण नोटीस आहे." पेटी हलली. मोबदला म्हणून काकूंनी दुसऱ्या दिवशी दोन पुरणपोळ्या वाढल्या आणि सक्तीबद्दल वर एक चतकोर. शेकडा पंधराच्या हिशेबानं चतकोर थोडा कमी पडतो, असं नानांनी सांगितलं, तेव्हा काकूंनी सरळ ताटच उचललं म्हणे.

'नाखुशी' हा त्यांचा दुसरा लाडका शब्द. कायद्यात म्हणे स्वच्छ लिहिलेलं होतं, की किंमत ठरवताना मालकाची जमीन सोडायची नाखुशी धरायची नाही. चावडीवर एखादा म्हातारा रडवेला होऊन सांगायचा, की साहेब, या बांधावर माझ्या बापाला अग्नी दिला, हे शेत मला द्यायचं नाही. नाना शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. मध्ये एकदाही तोडायचे नाहीत. आणि मग म्हणायचे, "ही झाली नाखुशी. ही लिहिता येत नाही. पुढं?"

हे मला मुळीच सहन होत नसे. एकदा मी भडकून विचारलं, "नाखुशी धरायची नाही, तर ते पंधरा कशाचे देता?"

"सक्तीचे."

"सक्तीत आणि नाखुशीत फरक काय, नाना?"

"सक्ती सरकारची, नाखुशी मालकाची," नाना शांतपणे म्हणाले. "सरकार फक्त आपल्या वस्तूची किंमत देतं."

ते हे चेष्टेनं म्हणाले की मनापासून, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहराच तसा होता. त्यावर काही उमटायचंच नाही.

आता त्या रकान्याची भानगड सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जबाबाच्या कागदात एक रकाना असे, 'मागणी'. मालकानं आपल्या जमिनीचे किती रुपये हवेत ते तिथं सांगायचं. आकडा सांगितला आणि साहेबांनी कमी दिलं, तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या कोर्टात जाऊन वाढवून मागता येई. पण आकडा सांगितलाच नाही, तर कोर्टाचा दरवाजा बंद. साहेब देतील त्याच्यावर जज्जालासुद्धा एक पै वाढवून देता येत नसे. न सांगण्याला काही पुरेसं कारण असलं, आणि ते जज्जाला पटलं, तरच काय ते.

आणि आमच्या खानदेशातला शेतकरी! दारात आलेल्या माणसापुढं तोंड वर करून पैसे मागणं म्हणजे त्याला मरणाहून मरण. बैल विकतानासुद्धा तो पहिल्यांदा म्हणणार, 'तुमी देशात ते.' म्हणजे तुम्ही द्याल ते. ते नुसतं बोलायचं असतं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग खरी ओढाताण सुरू होते आणि दोन तास चालते. पण सरकारी कागदावर 'तुम्ही द्याल ते' असं एकदा उतरलं, की ओढाताण तिथंच संपली. दुसरे कारकून आनंदानं हे उतरून घेत. साहेबही खूश, काम लवकर.

नाना मात्र तसं लिहीत नसत. "आकडा?" एवढंच विचारायचे. समोरचा म्हणाला, सरकार देईल ते, की नाना लेखणी खाली ठेवायचे, दौतीला बूच लावायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. समोरचा घाबरायचा. आपण काय चुकीचं बोललो? मग पाटलाकडं बघायचा, पाटील माझ्याकडं, आणि मी आढ्याकडं. शेवटी तो बिचारा शरमेनं काळा होऊन एखादा आकडा पुटपुटायचा, तेव्हा कुठं दौतीचं बूच निघायचं. गावकऱ्यांना वाटे, हा कारकून आपल्याला चारचौघांत हावरट ठरवतोय. साहेबांना वाटे, हा शेतकऱ्यांना फितूर आहे. कुणाला वाटेल, नानांना गोरगरिबांचा कळवळा होता. छे हो! मला तरी तेव्हा वाटायचं, या माणसाला फक्त रिकाम्या रकान्याची चीड आहे.

धरणगावच्या एका शेटजींनी तेवढा त्यांना आनंद दिला. त्यांचे वाडवडील मारवाडातून आलेले, बाजारात कापडाचं दुकान. रस्ता रुंद करताना दुकानाचा ओटा जाणार होता. ओट्याचा त्यांनी असा आकडा सांगितला, की तेवढ्यात अख्खी गल्ली आली असती. नानांनी उठून हात जोडले. "वा शेटजी! याला म्हणतात मागणी." कारकून एवढा खूश झाला म्हणजे आपलाच आकडा कमी पडला, असं वाटून शेटजींनी तो लगेच आणखी वाढवला. नानांनी तोही सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

आणखी एक खोड होती, तिनं तर मी जेरीस आलो होतो. जमीन घ्यायची त्या गावात नाना पाण्याचा थेंब घेत नसत. घरून फिरकीचा तांब्या भरून न्यायचे आणि फडक्यात चार दशम्या. वैशाखाच्या उन्हात तांब्या संपला, तर तसेच कोरड्या घशानं जबाब घ्यायचे. पाटलानं गूळपाणी पुढं केलं की हात जोडायचे. पान नाही, सुपारी नाही, चहाचा तर प्रश्नच नाही. लोकांची तोंडं पडायची. सोवळा दिसतो, आपल्या हातचं चालत नाही, असं म्हणून ते मुकाट बाजूला व्हायचे. मलाही तसंच वाटे आणि मनातून घाण वाटे. खरं तर जळगावात हाच माणूस स्टेशनसमोरच्या कुठल्याही हॉटेलात, कुणाच्याही मांडीला मांडी लावून भजी खायचा. मी हे रोज डोळ्यांनी बघत होतो. पण रागावलेल्या माणसाला दोन गोष्टी एका जागी ठेवून बघायची सवय नसते, आणि मी तर कायमचाच रागावलेला.

धरणगावच्या अलीकडं एक लहानसं स्टेशन होतं. तिथला मालधक्का वाढवायचा ठरला, कापसाचे डाग, म्हणजे बांधलेल्या गाठी, ठेवायला जागा पुरत नव्हती. त्यासाठी गावातल्या एका म्हाताऱ्याचं शेत जाणार होतं. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. आबांची बाकीची जमीन कोरडवाहू. विहीर होती ती फक्त या शेतात. आणि हे शेत त्यांनी आपल्या विधवा मुलीला, अक्काला, कसायला दिलं होतं. अक्कानं विहिरीभोवती लिंबं लावली होती. लिंबं धरणगावच्या बाजारात जायची आणि अक्का कुणापुढं हात न पसरता जगायची. नाल्यापलीकडं एक विहिरीचं शेत विकाऊ होतं. मोबदला नीट मिळाला तर ते घेता येणार होतं. नाही मिळाला, तर अक्काला उरलेला जन्म भावजयांच्या स्वयंपाकघरात काढायचा होता. यातलं काही लपून नव्हतं. मी शेतात साखळी टाकत असताना तिनंच मला सगळं सांगितलं.

थंडीचे दिवस होते. गाडीत नानांनी मला नेहमीप्रमाणं सांगितलं होतं, "गावात काही खाऊ नका. पाणीसुद्धा नको."

"तुमचं सोवळं तुम्हाला लखलाभ," मी म्हणालो. नाना खिडकीबाहेर बघू लागले.

पहाटेपासून मी त्या शेतात. सगळी लिंबं मोजली, विहिरीची खोली घेतली. दहाच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले. अक्का बांधावर आली. "भाऊ, भाकर खाई ल्या," ती म्हणाली. घर शेतालगतच. आत गेलो तर आबांनी पाट मांडलेला, आणि समोर काय? निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार, ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी, ठेचा, कांदा. आता सांगा, मी दगड आहे का? मी बसलो. आबा समोर बसून आग्रह करत होते, अक्का तव्यावरनं भाकरी टाकत होती. मी जेवलो. मनात म्हणालो, नानांच्या नाकावर टिच्चून जेवलो.

दुपारी चावडीवर आबांचा जबाब. नानांनी लेखणी बुडवली. "आकडा?"

आबा हसले. "तुमी देशात ते बठ्ठं मान्य शे." बठ्ठं, म्हणजे सगळंच.

लेखणी खाली. दौतीला बूच. हाताची घडी. मी निवांत होतो, मला हा खेळ पाठ होता. पण या वेळी खेळ पुढं सरकेना. पाव तास झाला, अर्धा तास झाला, आबा हसतमुख बसलेले. पाटलानं समजावलं, तलाठ्यानं समजावलं. नानांनी कधी नव्हे ते कायदा उलगडून सांगितला, की आबा, आज बोलला नाहीत तर कोर्टातही काही मिळणार नाही.

आबा म्हणाले, "समजनं ना मले. पन हाई भाऊ सकायीच मना घर जेवनात. पाव्हनाले भाव सांगानी आमनी रीत नई."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर मी काहीतरी उमटलेलं पाहिलं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

"आबा, मी तुमच्या घरी जेवलेलो नाही," नाना म्हणाले. "पाण्याचा थेंब घेतला नाही. मला सांगा. याला मी वेशीबाहेर पाठवतो."

"एक जेवना काय नि बठ्ठा जेवनात काय," आबा म्हणाले. "एकच पंगत शे ना तुमनी."

चावडीच्या दाराशी अक्का उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. ती बापापुढं चारचौघांत बोलणार नव्हती. मी मान खाली घातली. पोटातलं भरीत मला तिथं पहिल्यांदा जड वाटलं.

नानांनी दौतीचं बूच काढलं. लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मग मोठ्यानं वाचून दाखवलं: 'मोजणीदार खातेदाराच्या घरी जेवल्यामुळे, पाहुण्यास किंमत सांगू नये या चालीस अनुसरून खातेदाराने मागणी सांगितली नाही.' खाली आबांनी मोडीत सही ठोकली. रकाना भरला.

आणि माझं काय? मालकाच्या घरी जेवणं म्हणजे लाच. सरकारी कागदावर, शाईनं, माझ्या नोकरीवर नांगर फिरवून ठेवला होता या माणसानं.

परतीच्या गाडीत मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. डब्यातली माणसं दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. नाना ऐकत होते. मी दमलो तेव्हा ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, खाऊ नका."

"कारण नव्हतं सांगितलं!"

"विचारलं होतंत?"

मी पलीकडच्या खिडकीकडं वळलो. पुढचं स्टेशन गेलं. मग नानाच म्हणाले, खिडकीकडं तोंड करून, "नवीन नोकरी होती. फैजपूरकडं एका केळीच्या बागेत जबाबाला गेलो होतो. मालकानं घडातलं एक केळं काढून हातात ठेवलं. मी खाल्लं. जबाब घ्यायला बसलो तर म्हणाला, तुम्ही द्याल ते. मी तसंच लिहून घेतलं. मला काय ठाऊक? कोर्टानं त्याला दारातून परत पाठवलं." मग म्हणाले, "एकच केळं होतं."

आता रागावायला जागा उरली नव्हती, म्हणून मी आणखी रागावलो.

साहेबांनी तो कागद पाहिला आणि ते कडाडले. हा काय चावटपणा? खोडा हे. नाना म्हणाले, "खोडता येत नाही, साहेब. खाली खातेदाराची सही आहे." मग साहेबांनी निवाडा केला तो रागाच्या भरातच केला असावा. नाल्यापलीकडच्या शेताची निम्मी किंमतसुद्धा त्यात निघत नव्हती. आबांनी कोर्टात अर्ज केला. मला आश्चर्य वाटलं. चावडीवर गप्प बसलेला माणूस कोर्टात कसा काय आला? कोर्टाच्या व्हरांड्यात भेटले तेव्हा मी विचारलंच.

"जज्जसाहेब कोठे मना घर जेवेल शेत?" आबा म्हणाले. "त्यासले सांगाले काय हरकत शे?"

आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. आबांनी आकडा सांगितला नाही त्याला पुरेसं कारण होतं की नव्हतं? म्हणजे मी जेवलो होतो की नव्हतो? आदल्या दिवशी कचेरीतल्या वरच्या एकानं मला बाजूला घेतलं. "जेवलो नाही असं म्हणायची गरज नाही," तो म्हणाला. "आठवत नाही म्हणा. नोकरी राहील, सरकारचे पैसेही वाचतील." घरी बायको, दोन मुली. मी रात्रभर ठरवत होतो, आठवत नाही म्हणायचं.

पहिल्यांदा आबांची साक्ष. त्यांच्याच वकिलानं विचारलं, "त्या दिवशी मोजणीदार तुमच्या घरी जेवले ना?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की हो म्हणालात तर मोजणीदाराची नोकरी जाईल. म्हातारा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नई साहेब. भाऊनी काहीच खादं नई. पानी पिनात नि गयात."

वकिलानं कपाळाला हात लावला. सरकारी वकील हसले. अक्का कोपऱ्यात बसली होती, तिनं डोळे मिटून घेतले. अहो, स्वतःच्या हातानं स्वतःचा दावा बुडवत होता हा माणूस! कशासाठी? तर एकदा भाकरी खाऊन गेलेल्या उपटसुंभ मोजणीदारावर बालंट येऊ नये म्हणून. मी त्यांचा पाहुणा होतो ना. पाहुण्याला भाव सांगायचा नाही, तसं पाहुण्याला गोत्यातही आणायचं नाही.

माझं नाव पुकारलं गेलं. सरकारी वकिलांनी अगदी गोडीनं विचारलं, "खातेदार म्हणतात तुम्ही जेवला नाहीत. तुम्हाला काही वेगळं आठवतं का?"

मी पिंजऱ्यात उभा होतो, आणि माझं टाळकं सणकलं. "खोटं बोलतात ते!" मी ओरडलो. "जेवलो. तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी अर्धी. या बाईनं तव्यावरनं काढून वाढल्या, आणि तिचा बाप म्हणतो मी नुसतं पाणी प्यालो! अन्नाचा असा अपमान मी ऐकून घेणार नाही, साहेब. मी जेवलो म्हणूनच हा माणूस गप्प बसला. मी जेवलो नसतो तर हा बोलला असता."

जज्जसाहेब आपल्याच भागातले होते. त्यांनी लेखणी थांबवली आणि विचारलं, "बरोबर काय होतं?"

"भरीत, साहेब."

"कळण्याची भाकरी?"

"हो, साहेब."

जज्जसाहेबांनी मान डोलावली आणि लिहू लागले. पुढं निकालात त्यांनी लिहिलं, की या भागातली चाल पाहता कारण पुरेसं आहे. त्याच दिवशी त्यांनी आबांना आकडाही विचारला. आबांनी खणखणीत आवाजात सांगितला. चावडीवर गिळलेला तो आकडा वर्षभर त्यांच्या पोटात होता. जज्जसाहेबांनी त्यातून थोडं कापलं, वर शेकडा पंधरा लावले. नाल्यापलीकडचं शेत आलं, विहिरीसकट.

माझी नोकरी राहिली. वेतनवाढ बंद झाली आणि बदली यावलला, सातपुड्याच्या पायथ्याशी जंगलाच्या हद्दी मोजायला. नानांना बढती मिळणार होती, ती दुसऱ्याला मिळाली. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात साहेबांनी शेरा मारला, 'रकान्यात नको ते लिहितात.' मी निघालो तेव्हा ते स्टेशनवर आले होते. "तुमची बदली सक्तीची आहे," ते म्हणाले. "शेकडा पंधरा मिळायला हवेत."

"आणि तुमच्या बढतीचं काय?"

"ती नाखुशी झाली," नाना म्हणाले.

निकालाच्या दिवशी आबा आम्हा दोघांना घरी चला म्हणून मागं लागले होते. नानांनी हात जोडले. मला वाटलं, आता तरी काय? पण ते म्हणाले, "सरकारच्या अपिलाची मुदत अजून आहे." आबा हिरमुसले. मीही मनात म्हणालो, हा माणूस सुधारायचा नाही.

यावलला मला एक कार्ड आलं. नानांचं सुवाच्य अक्षर. 'अपिलाची मुदत शुक्रवारी संपते. शनिवारी सकाळच्या गाडीने या. जेवायचे आहे.'

गेलो. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. स्टेशनवर नाना उभे. हातात तांब्या नव्हता, फडक्यात दशम्या नव्हत्या. रिकाम्या हातानं उभे असलेले नाना मला ओळखूच येईनात. स्टेशनालगत नवा मालधक्का झाला होता, खाली विहीर बुजलेली. नाल्यापलीकडं अक्काचं नवं शेत. विहिरीजवळ तिनं लिंबाची रोपं लावली होती, गुडघ्याएवढी.

नाना विहिरीच्या काठावर टेकले आणि म्हणाले, "अक्का, पाणी."

अक्कानं आधी हातातलं खुरपं खाली टाकलं. मग पोहरा सोडला, तांब्या भरून आणला. नानांनी तो वर धरून घटाघटा प्यायला सुरुवात केली. पाणी कोटावर सांडत होतं. तांब्या रिकामा केला, पुन्हा पुढं केला. तिनं पुन्हा भरला. आबा उभे राहून पाहत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी सात वर्षं या माणसाला सोवळा म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"गोड आहे पाणी," नाना म्हणाले.

"गोड शे, नाना," अक्का म्हणाली. तिनं नाल्यावरून मागं, मालधक्क्याखाली बुजलेल्या विहिरीकडं पाहिलं. "पन त्या जुनी हिरनं पानी आजून गोड व्हतं."

आबा तिला रागावले, की पाहुण्यासमोर असं बोलतात का. नानांनी त्यांना हातानं थांबवलं. तोंड पुसलं, टोपी सारखी केली.

"तेवढं मला लिहिता आलं नाही, अक्का," ते म्हणाले.

मग आम्ही जेवायला बसलो. नानांनी चार भाकऱ्या खाल्ल्या.